अखंड दहा वर्षांचा रहिवास

पल्ल्याड मन्हं माहेर, आल्ल्याड मन्हं घर,
नदीमाय सांग माले, कोनले मी पर?

जात्याच्या घरघरीतून हा आवाज आला होता, त्याला आठ वर्षं झाली. खापरच्या बाजाराचा दिवस. चैत्राचं ऊन दारूच्या दुकानाच्या ओट्याच्या कडेपर्यंत सरकत आलेलं. लोकांचे अर्ज लिहून देणारा अब्दुल वहाब अर्जनवीस तळोद्याहून येऊन मांडीवर पाटी, पाटीवर कागद ठेवून लिहायला बसला होता. भिंतीपलीकडे बाई दळत होती. दाणे सरत आले की जात्याचा सूर चढायचा, नवी मूठ पडली की उतरायचा, आणि ओवी त्याच्या खांद्यावर बसल्यासारखी त्याच्याबरोबर चढायची-उतरायची. भिंतीच्या अलीकडे त्या बाईचा नवरा, दुकानाचा परवानेदार बन्सीलाल कलाल, आवाज खाली घेऊन मजकूर सांगत होता. माझी बायको रुखमाबाई ही गेल्या दीड वर्षापासून राजपिपळा संस्थानात सागबारा येथे माहेरी राहते. ह्या घरात ती राहत नाही. ह्या घरात काय आहे, काय नाही, ह्याची तिला खबर नाही.

वहाबनं एकदा भिंतीकडे पाहिलं. मग लिहिलं.

आदल्या दिवशी अबकारीचे शिपाई येऊन गेले होते. स्वयंपाकघराच्या माळ्यावर त्यांना मोहाची फुलं सापडली, परवान्यात होती त्याहून किती तरी जास्त. नवरा-बायको दोघांनाही चौकीत बसवायचं, असं ते बोलून गेले होते. बन्सीलाल स्वतः जायला तयार होता. बायकोला जाऊ द्यायला नव्हता. म्हणून हा कागद. कागद लागू पडला. रुखमाबाईला कुणी बोलावलं नाही. तिला कागदाचा पत्ताही नव्हता. बन्सीलाल दंड भरून सुटला, फुलं जप्त झाली, आणि गावानं ती गोष्ट पुढच्या होळीपर्यंत विसरूनही टाकली.

सरकारी दप्तर विसरत नाही. ते नुसतं झोपतं.

बन्सीलाल सन अडतीसच्या पौषात गेला. हातात मापाचं भांडं होतं, छातीत कळ आली आणि तो उंबऱ्यातच बसला, तो बसलाच. तेरावं झाल्यावर रुखमाबाईनं दुकान उघडलं. न उघडून करते काय? चौदाव्या वर्षी सागबाऱ्याहून लग्न होऊन आली ती, आता छत्तीसची. ह्या बावीस वर्षांत तिला दुसरं काही आलं नव्हतं. ती स्वतः पीत नसे, पण वासावरून दारूचं वय सांगे. डोंगरातून उतरणारी माणसं पिण्याआधी पहिली धार जमिनीला देत, वाडवडलांच्या नावानं. ती धार ती मापात धरत नसे. आणि एखाद्याच्या मागे त्याची बायको तोंडाला पदर लावून उभी दिसली की माप मध्येच थांबवून म्हणे, "आज सरी गयी. घर जाय, भो." माणसं कुरकुरत जात. दुसऱ्या दिवशी तीच माणसं येत.

परवाना तिच्या नावावर व्हावा म्हणून अर्ज करायचा होता. तो वहाबनंच लिहिला. तळोद्याच्या कचेरीबाहेरच्या ओट्यावर तो तीस वर्षं बसत होता. त्याच्याआधी त्याच ओट्यावर त्याचा बाप बसायचा. शराबाचे अर्ज लिहितो म्हणून मशिदीतली म्हातारी माणसं त्याला टोचत. तो म्हणे, मी शराब लिहितो, पीत नाही, आणि तुमच्या सुनेच्या फारकतीचा अर्जही मीच लिहिला होता. मग म्हातारे गप्प बसत.

अर्ज लिहिताना एक शब्द आला आणि त्याची लेखणी अडली. रहिवास.

गेल्या सालापासून डोंगरपट्ट्यातल्या दुकानांना नवा नियम लागला होता. ज्याचा ह्या तालुक्यात अखंड दहा वर्षांचा रहिवास असेल त्यालाच परवाना. नियम करणाऱ्यांचं मन चांगलं होतं. बाहेरचे मक्तेदार यायचे, चार वर्षांत डोंगरातल्या माणसांची बैलं-बकऱ्या घेऊन निघून जायचे. ते थांबावं म्हणून हा नियम. चांगल्या मनानं केलेले नियम वहाबनं आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. त्या नियमांत अडकलेली, उतरलेल्या चेहऱ्यांची माणसं शेवटी त्याच्याच ओट्यावर येत.

महिन्याभरानं अर्ज परत आला. निळ्या पेन्सिलीनं शेरा होता. अर्जदार बाई सन तीस साली तालुक्यात राहत नव्हती. तसा तिच्या मयत नवऱ्याचा लेखी जबाब दप्तरी आहे. त्यानंतर ती आली असं धरलं तरी आठ वर्षंच होतात. दोन कमी पडतात.

शेरा वहाबनं तिला वाचून दाखवला. ओट्याखाली एक शेळी कुणाचा तरी फाटका कागद चघळत होती. रुखमाबाईनं शेळीला हुसकलं.

"वहाबभाई, तो कागद कोनी लिव्हा?"

"मीच लिव्हा, भाभी."

"मंग त्यासनीच सांगं? मी आठे नही म्हनीसन?" तिनं विचारलं, नवऱ्याचं नाव न घेता, ती इथं नाही असं खुद्द त्यानंच सांगितलं का.

त्या वेळी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं, फार तर दोन. वहाब म्हणाला, "सांगणारा सांगस, लिव्हणारा लिव्हस."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग खालच्या आवाजात तिनं विचारलं ते वहाबला पुढे वर्षभर जेवताना, नमाजाला बसताना ऐकू येत राहिलं.

"दुसरी कोनी व्हती का, वहाबभाई? माहीत व्हई ते सांगी द्या. मरेल मानूसवर मी राग नही धरस."

तो तसं काही नाही म्हणाला, पण दौत उघडता उघडता म्हणाला, तिच्याकडे न पाहता. त्यामुळे त्या नाहीला काही वजन आलं नाही.

खरं सांगायचं त्यानं टाळलं ह्याचं कारण असं की त्या जुन्या कागदाच्या तळाशी एक ओळ होती. मजकूर सांगणाऱ्यास वाचून दाखवला. मजकुरातील इसमांस मी ओळखतो, व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. खाली त्याची सही, सनदेचा नंबर. ओळीचा पहिला अर्धा भाग कायद्यानं लागायचा. दुसरा अर्धा नसला तरी चालत होतं. पण त्यानं कागद कचेरीत पटकन सरकतो हे त्याच्या बापाला कळलं होतं, म्हणून बाप लिहायचा, म्हणून तोही लिहायचा. लेखणी तिथं आली की आपोआप पळायची, उतारावरच्या बैलासारखी. त्या दिवशीही पळाली. आता तो म्हणाला असता की बाई घरातच होती, मला ठाऊक होतं, तर जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्या अर्जनवीसाची सनद राहत नाही. वहाब अठ्ठावन्नचा होता. उजव्या डोळ्यात पडदा उतरायला लागला होता. हातांना अक्षरांखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून त्यानं आधी साक्षीदारांचा रस्ता धरला. सर्कल साहेब चौकशीला खापरला आले. गावातल्या चार माणसांनी सांगितलं की बाई इथलीच आहे. पण ती चारही दुकानाची गिऱ्हाइकं निघाली, तेव्हा त्यांचं सांगणं हलकं ठरलं. मग वरच्या पाड्यावरचा चैत्या आला. हा पन्नाशीचा भिल्ल दुकानाकडे फार फिरकत नसे, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन येईल असं वाटत होतं. सर्कलनं विचारलं, सन एकोणीसशे तीस साली ही बाई ह्या घरात होती का? चैत्यानं विचार केला. ज्या साली मोहाला फुलंच आली नाहीत, त्याच्या आदल्या साली वाघानं त्याचा तांबडा बैल नेला होता, आणि बैल नेला त्याच दिवशी त्यानं हिच्याकडून मीठ नेलं होतं, हे त्यानं सांगितलं. होतीच ती. सर्कल म्हणाले, पण सन कोणता? चैत्यानं बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली, आणि खोटं कशाला बोला म्हणून प्रामाणिकपणे सांगून टाकलं की सन ठाऊक नाही. सन हवा असेल तर मोहाच्या झाडाला विचारा, ते तिथंच उभं आहे. लोक हसले. सर्कलही हसले. त्यांनी लिहिलं, साक्षीदारास सन सांगता येत नाही.

ह्याच सुमारास प्रेमचंद शेटजींचा अर्ज आला. प्रेमचंद सुरतेकडचे व्यापारी. डिंक आणि मोहाची फुलं साठवायला त्यांनी खापरात अकरा वर्षांपूर्वी एक घर घेऊन ठेवलं होतं. होळीला आणि दिवाळीला ते येत. बाकीचं वर्षभर त्यांचा नोकर रोज संध्याकाळी त्या घरात दिवा लावून कुलूप घालून जाई. अकरा वर्षं दिवा चुकला नव्हता. कागदावर हा अखंड रहिवास होता. माणूस वाईट नव्हता. रस्त्यात दिसले तेव्हा त्यांनी रुखमाबाईला हात जोडले आणि म्हणाले, बहेन, दुकान मारा नावे, माझ्या नावावर, झालं तरी घरातून तुम्हाला कोणी उठवणार नाही. तिनंही हात जोडले. आपल्याच घरात राहायची परवानगी मिळाल्यावर माणूस काय बोलणार?

मग धुळ्याचे वकील. तिथं जायचं वहाबनंच सुचवलं.

खापरहून तळोद्यापर्यंत बैलगाडी, तळोद्याहून तापीपर्यंत मोटार, तापी नावेनं, पलीकडून नंदुरबार, मग पुढे धुळे. दोन दिवस जायला, दोन यायला. वकीलसाहेब तरुण होते, चष्म्याआडून भरभर वाचायचे. जुना कागद वाचून त्यांनी वहाबला एकदाच विचारलं, तुम्हाला स्वतःला ह्यातलं काही ठाऊक होतं का? वहाब म्हणाला, साहेब, सांगणारा सांगतो, लिहिणारा लिहितो. वकिलांनी मान डोलावली आणि कागद बाजूला सारला. त्यांच्या डोक्यात वेगळंच काही पेटलं होतं. दोन वर्षांसाठी कशाला भांडायचं, नियमच पाडू, ते म्हणाले. पस्तीस सालच्या राज्यकारभाराच्या नव्या कायद्यात कलम आहे. केवळ जन्मस्थानावरून, धर्मावरून, वंशावरून किंवा रंगावरून कुणाही हिंदी प्रजाजनाला धंदा करायला मज्जाव करता येणार नाही. हा नियम दुसरं काय करतो? बाहेरच्याला बाहेर ठेवतो. हा नियम त्या कायद्याच्या विरुद्ध आहे. असा दावा इकडे कुणी लावलेला नाही, बाई. तुमचा पहिला.

रुखमाबाईला पहिल्याचं काही वाटलं नाही. तिनं विचारलं, मला काय म्हणायचं आहे?

"एवढंच की तुम्ही इथल्या नाही," वकील म्हणाले. "तुम्ही इथल्याच ठरलात तर नियम तुम्हाला आडवा येत नाही. आणि नियम आडवा आला नाही तर दावा कशाचा? कोर्टात कुणी विचारलं तर सांगायचं, मी सागबाऱ्याची. निकाल लागेपर्यंत परकं राहायचं."

वहाबनं ते तिला अहिराणीत समजावून सांगितलं. समजावताना त्याला बरं वाटत होतं. ह्या रस्त्यात त्याचा कागद कुठेच येत नव्हता. उलट कागद खरा धरूनच दावा उभा राहत होता. त्या बरं वाटण्याची त्याला नंतर लाज वाटली, कितीतरी महिने. पण लाज वाटली म्हणून माणूस रस्ता बदलतोच असं नाही.

तारखा सुरू झाल्या. दावा चालेपर्यंत दुकान तात्पुरतं तिच्याकडे राहिलं. आखाडात तापी दोन्ही काठ खात वाहत होती, नाव बंद, तारीख हुकली. भादव्यात साहेब रजेवर. दसऱ्याला सरकारी वकील आजारी. प्रत्येक वेळी ती चार भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून निघायची, आणि प्रत्येक वेळी वहाब बरोबर. येताना दोघं बोलत नसत. बोलण्यासारखं जे होतं ते एकाला ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्याला बोलायचं नव्हतं.

गावात हा चेष्टेचा विषय झाला. रुखमाबाई कोर्टात परकी झाली हे सगळ्यांना कळलं होतं. भीमसिंग म्हणून एक गाडीवान होता, तो दुकानात आला की मुद्दाम लवून विचारी, "पाव्हनीबाई, कवय उन्यात सागबाराथीन? जेवन व्हयनं का?" पहिल्यांदा तीही हसली. दुसऱ्यांदा हसली. मग एक दिवस तिनं माप खाली ठेवलं, आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. भीमसिंग रिकामा पेला घेऊन ओशाळून उभा राहिला. मुंबईत नवं सरकार दारूच बंद करणार आहे, अशीही आवई होती. लोक म्हणत, मग भांडण तरी कशाचं? दुकानच राहणार नाही. तीही म्हणायची, नाही तर नाही. मला दुकान नको. मी कुठली ते कागदावर येऊ दे, मग टाळं लावा.

घरी सकीना होती, वहाबची बायको. तिला सगळं ठाऊक होतं. त्या आठ वर्षांपूर्वीच्या संध्याकाळी वहाबनंच येऊन सांगितलं होतं, हसत हसत, की भिंतीपलीकडे बाई गातेय आणि नवरा लिहवून घेतोय की ती इथं नाहीच. तेव्हा तीही हसली होती. आता प्रत्येक तारखेहून तो आला की ती त्याच्यासमोर पाणी ठेवी आणि तिथंच बसून राही. एकदाच बोलली.

"लिखते वक्त तो डर नहीं लगा तुमको. अब बोलने को लगता है?"

सनद गेली तर खाणार काय, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, ते मला माहीत नाही. पण हे असं खाल्लेलं तुमच्या अंगाला लागत नाही, हे मला दिसतंय. मग उठून चुलीकडे गेली.

माघात सुनावणी झाली. धुळ्याच्या कोर्टात उंच खिडक्या, खिडक्यांत पारवे. रुखमाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. सरकारी वकिलांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

तिनं पदरावरचा एक हात काढून कठड्यावर ठेवला. तिच्या वकिलांनी खोकल्यासारखं केलं. मागच्या बाकावर बसलेल्या वहाबला तिचा हात दिसत होता. कठड्याच्या लाकडावरून तळवा पुढे-मागे सरकत होता, सावकाश, ओटा सारवताना सरकतो तसा.

"सागबारानी," ती म्हणाली.

कारकुनानं लिहून घेतलं.

निकाल आठ दिवसांनी लागला. साहेबांनी लिहिलं की नव्या कायद्याचं कलम जन्मस्थानाबद्दल आहे. नियम माणूस कुठे जन्मला ते विचारत नाही, तो कुठे राहिला ते विचारतो. राहणं आणि जन्मणं ह्या दोन निराळ्या गोष्टी. सबब नियम कायम, दावा रद्द. खाली एक ओळ होती की परवान्याच्या चौकशीत वादी बाईस आपला रहिवास शाबीत करता आला तर हा निकाल तिच्या आड येत नाही. वकील फार हळहळले. आपण वर जाऊ, मुंबईला जाऊ, हा प्रश्न एवढ्यावर सुटायचा नाही, असं ते म्हणत होते. रुखमाबाईनं हात जोडले. नका, म्हणाली. माझ्यात आता जायचं बळ नाही राहिलं.

येताना तापीवर नाव पलीकडच्या काठाला होती. दोघं वाळूत बसले. पाणी उतरलं होतं, मधल्या बेटावर टरबुजाचे वेल लावले होते, आणि एक म्हातारी हंड्यानं पाणी नेऊन एकेका वेलाला घालत होती. एका वेलापासून दुसऱ्या वेलापर्यंत, परत पाण्यापर्यंत, परत वेलापर्यंत. ती किती वेळ चालतेय हे मोजायलाही कंटाळा यावा, अशी ती चालत होती.

"वहाबभाई," रुखमाबाई म्हणाली, "तो कागद खोटा व्हता ना, तवय मन्हाकडे बोलाले तोंड व्हतं. आते मी मन्हाच तोंडथीन सांगी उनू. आते तो कागद खरा व्हई गया."

वहाबनं तोंड उघडलं. नावाडी हाका मारायला लागला होता. ती उठून पदर झटकून चालू लागली, आणि तो तिच्या मागे वाळूत पाय ओढत गेला.

परवान्याची शेवटची चौकशी तळोद्याला लागली, होळीच्या आठ दिवस आधी. त्या सकाळी वहाब नेहमीप्रमाणे ओट्यावर आला. दौत काढली नाही. समोर दोन माणसं अर्ज लिहून घ्यायला बसली होती. त्यांना तो म्हणाला, आज नाही, आणि उद्याचंही काही सांगत नाही. सनदेचा घडी घातलेला कागद त्याच्या कोटाच्या खिशात होता. तीस वर्षांत घडीवर तो विरला होता, आणि मधोमध एका अक्षराएवढं भोक पडलं होतं.

आत कचेरीतल्या साहेबांसमोर प्रेमचंद शेटजी आपल्या घराचा करारनामा घेऊन बसले होते. त्यांचा नोकर मागे उभा होता, दिवा रोज लावला म्हणून सांगायला. रुखमाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला खुर्ची देऊ केली होती, ती बसली नव्हती. साहेबांनी करारनामा पाहिला, शेरा पाहिला, धुळ्याच्या निकालाची नक्कल पाहिली. मग जुना कागद उचलून मोठ्यानं वाचला. माझी बायको रुखमाबाई ही गेल्या दीड वर्षापासून. ह्या घरात ती राहत नाही. ऐकताना ती डोळे मिटून होती. नवऱ्याचा आवाज त्या शब्दांत शोधत असावी, आणि तो तिला सापडत नसावा, असं तिच्या तोंडाकडे पाहून वाटत होतं.

व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, इथपर्यंत वाचून साहेब थांबले. कोर्टातही बाईंनी हेच सांगितलेलं दिसतं, म्हणाले. ह्यावर कुणाला काही सांगायचं आहे का?

असं विचारायची रीत असते. कुणी काही सांगत नाही, आणि मग साहेब लेखणी उचलतात. साहेबांनी लेखणी उचलली.

दारातून वहाब आत आला. आपण उभं राहायचं ते कुठे हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तो नेहमी ह्या खोलीच्या बाहेरच असायचा. तो टेबलापर्यंत गेला. खिशातून सनद काढली, टेबलावर ठेवली, आणि ती घडीवर फाटू नये म्हणून उगीचच बोटांनी सरळ केली.

"साहेब, ती शेवटची ओळ माझी आहे. मजकूर बन्सीलालचा, ओळ माझी. ती खोटी आहे, आणि लिहिताना मला ठाऊक होतं."

प्रेमचंदांनी मान वर केली. साहेब म्हणाले, नीट विचार करून बोला, मियाँ, हे मी लिहून घेणार आहे. वहाब म्हणाला, घ्या. त्याचा आवाज थकलेला होता. खूप दूरचं ओझं एकदाचं उंबऱ्यात टेकवल्यावर माणूस श्वास घेतो तसा त्यानं श्वास घेतला, आणि साहेबांकडे पाठ करून तो भिंतीशी उभ्या असलेल्या रुखमाबाईकडे वळला.

"भाभी, दुसरी कोनीज नव्हती. अबकारीना शिपाई तुले चौकीमा बसाडतीन म्हनीसन बन्सीलालनी तो कागद कया. तो माले म्हने, लिव्ह वहाब, ती आठे नही, म्हंजे तिले कोनी नेवाव नही. तू घरमाज व्हती. माले बठ्ठं माहीत व्हतं, आनि मी इतला दिन तुले सांगं नही."